पंखा बदलला त्या दिवशी

जुहूच्या हँगरचा पत्रा सकाळी सातलाच तापला होता.
नौशेरने खोका उघडला: फोम, फोमच्या आत फोम,
आणि आत तीन काळी कुळकुळीत पाती,
एकमेकांना न ओळखणारी.
दोघांच्या पेन्शनचे सात महिने.

जुना काढायला सहा बोल्ट.
सहाव्याने आढेवेढे घेतले,
मग तोही आला, तेलकट धुळीसकट.
हातात पंखा वाटला होता त्याहून हलका.

लाकडाचा. सात थर, शिवण आणि साग आलटून पालटून,
वर्सोव्याच्या होडीशेडमध्ये
तातू मेस्त्रींनी माझ्या ड्रॉइंगवरून तासलेला.
ड्रॉइंगमध्ये माझी चूक होती,
टोकाकडचा कोन दीड अंश जास्त.
त्यांनी विचारलं नाही, बोलून दाखवलं नाही,
तेवढ्या जागी रंधा आपल्या मनाने चालवला.
मी घरी येऊन पुन्हा गणित केलं, तेव्हा कळलं.

तोल बघायला आडवी सळई दोन धारांवर ठेवायचे,
पंखा सोडून द्यायचे आणि विडी पेटवायचे.
खाली जाईल ते पातं जड,
दुसऱ्याला वॉर्निशचा एक हात जास्त.
सोळा दिवस.
शेवटी पंखा सोडू तिथे थांबायला लागला,
जेवून उठलेल्या माणसासारखा,
कुठेच जायचं नसलेला.

पण धावपट्टी संपते तिथे समुद्र आहे,
आणि दोघं बसलेलो, टाकी भरलेली, महिना मे,
तर किनाऱ्यावरचे माड
जरा जास्तच ओळखीचे वाटायला लागतात.
शिवाय लाकूड आषाढात फुगतं, दिवाळीनंतर आकसतं,
दर खेपेला पाना घेऊन बोल्टांना विचारायचं,
आहात ना रे सगळे?

साडेचौदा अंश, नौशेर वाचतो, मी कोनमापक धरते.
तिसरं पातं चौदा पॉइंट आठ.
सैल कर. पुन्हा. अजून सैल.
दहा वाजता तिघांचं एकमत झालं,
जे आमच्या सोसायटीत अजून घडलेलं नाही.

तातू मेस्त्री नातवाबरोबर रिक्षातून आले.
डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून बोटाने पाहिलं,
नव्या पात्यावर टकटक केलं, कान लावला.
"ह्येच्यात कोण नाय," म्हणाले.
नौशेर उगाच फडकं शोधायला लागला.

शेपटीला दोर, दोर लोखंडी कडीला, चाकांना ठोकळे.
जुना बावीसशेला दमायचा.
हा चोवीसशे पन्नास, आणि अजून मागत होता.
खोटं कशाला बोलू, मी हसले.
कंप गेला होता,
पॅनेलवर ठेवलेली माझी पेन्सिल गडगडली नाही.
मागे उभ्या मेस्त्रींचं धोतर फडफडत होतं,
दोन्ही पंजे वाऱ्यात धरून ते ओरडले,
"वारो बरो मारता!"

चहाच्या वेळी नौशेर म्हणाला, जुन्याचं घड्याळ करू,
मधल्या भोकात काटे, हॉलमध्ये छान दिसेल.
मेस्त्रींनी बशी खाली ठेवली.
"काट्यांका वाऱ्यातला काय कळता?"
मग माझ्याकडे वळून, जवळजवळ कानात,
"उभो ठेव नको गो बाय.
उभो ठेवलंस तर ओल खाली उतारता,
एक पातां जड होता. आडवो ठेव."

आता तो अंधेरीत, माझ्या पलंगाखाली,
दोन विटांवर, जुन्या लुगड्यात.
पाहुण्यांना सांगते, पाय जरा मागे घ्या.
वर लेव्हलची नळी ठेवलेली असते.

जुलैत एकदा वाकून पाहिलं,
बुडबुडा केसभर समुद्राकडे सरकला होता.
पंखा कलला, वीट बसली की इमारतच,
कोण जाणे.
मी पूर्वेकडच्या विटेखाली
एक जुनं पोस्टकार्ड सरकवलं.